टीपॉट उलटा करून पाहा

जयपूरच्या राजा पार्कमधून मी तुमच्याशी बोलतोय.

मागच्या काही भागांत आपण तलवारी पाहिल्या, तोफा पाहिल्या. निवृत्त फौजी माणूस बोलतोय म्हटल्यावर आज ढाल किंवा चिलखत असेल असं तुम्हांला वाटलं असेल. पण आजचा विषय आहे चहाचा टीपॉट. चांदीचा, लंडनमध्ये घडवलेला, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. तो आज लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

हा विषय आत्ता घेण्याचं कारण आहे. चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या पुढे गेल्यापासून मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदललाय. आधी लोक विचारायचे, ‘ही वस्तू कुठल्या काळातली?’ आता विचारतात, ‘ही मोडली तर किती येतील?’ कुणाच्या घरी पणजोबांना साहेबानं दिलेला टी-सेट असतो, कुणाकडे संस्थानातल्या नोकरीत मिळालेलं तबक. मोडायचं की ठेवायचं हा निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा, घराच्या अडचणी बाहेरच्याला कळत नसतात. पण मोडण्याआधी ती वस्तू वाचून घ्या, एवढंच आज सांगायचंय. एकदा मुशीत गेली की तिच्यावरचं लिहिलेलं परत मिळत नाही.

किटली वेगळी, टीपॉट वेगळा

आधी शब्द नीट लावून घेऊ. टपरीवरची ॲल्युमिनियमची असते ती किटली. किटली विस्तवावर चढते, तिच्यात पाणी किंवा चहा उकळतो. टीपॉट विस्तवावर चढत नाही. त्यात चहाची पत्ती टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावून चार मिनिटं मुरू द्यायचं आणि कपात ओतायचं.

एवढ्या कामासाठी भांड्यात तीन सोयी लागतात. पहिली, मूठ तापता कामा नये. चांदीतून उष्णता इतर कुठल्याही धातूपेक्षा लवकर पसरते, म्हणून चांदीच्या टीपॉटची मूठ पुष्कळदा लाकडाची असते. मूठ चांदीचीच असेल तर ती जिथे भांड्याला जोडली आहे, तिथे हस्तिदंताच्या दोन पातळ चकत्या बसवलेल्या दिसतात. त्या नक्षीसाठी नाहीत, उष्णता अडवण्यासाठी आहेत. दुसरी सोय, पत्ती कपात येऊ नये. म्हणून तोटी जिथे सुरू होते तिथे भांड्याच्या आतल्या अंगाला बारीक भोकांची गाळणी असते. जुन्या कॉफीच्या भांड्यात सहसा तिथे एकच मोठं भोक असतं. तिसरी, झाकण ओतताना पडू नये, म्हणून त्याला बिजागरी.

आता हे तिन्ही मनात ठेवून लंडनला जाऊ.

१६७० चं भांडं

माझी लेक तिकडे नोकरीला असते. तिच्याकडे गेलो असताना साउथ केन्सिंग्टनच्या त्या संग्रहालयात हे भांडं मी पाहिलं. फुटापेक्षा थोडं उंच, सरळसोट, वर निमुळतं होत गेलेलं. झाकणही टोपीसारखं निमुळतं. तोटी सरळ, कलती. पोटाचा गोलावा नाही, नक्षीची गर्दी नाही. आपल्या डोळ्याला हा टीपॉट वाटतच नाही, कॉफीचं भांडं वाटतं.

त्यात आपल्या डोळ्यांचा दोष नाही. त्या काळी कॉफीची भांडी अशीच असत. लंडनमध्ये पहिलं कॉफीहाउस १६५२ साली सुरू झालं आणि कॉफीचं उंच भांडं लोकांच्या ओळखीचं झालं. चहा त्यानंतर आला. सॅम्युअल पीप्स नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं २५ सप्टेंबर १६६० च्या रोजनिशीत आपण चहा नावाचं चिनी पेय आयुष्यात पहिल्यांदा घेतल्याची नोंद केली आहे. १६६४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं राजा दुसऱ्या चार्ल्सला चहा नजर केला, तो किती? एक किलोसुद्धा भरला नसता. त्या दशकाच्या शेवटी कंपनीनं जावा बेटावरच्या बांटमच्या वखारीला उत्तम प्रतीचा शंभर पौंड चहा पाठवायला लिहिलं. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो. आज राजा पार्कातला एखादा गजबजलेला चहावाला इतकी पत्ती काही आठवड्यांत संपवत असेल.

म्हणजे १६७० साली लंडनच्या कारागिराला कुणी सांगितलं की चांदीचा टीपॉट कर, तर त्याच्यासमोर त्याचा ठरलेला आकार नव्हता. त्यानं माहितीतला आकार घेतला. मग हा टीपॉटच आहे हे आपण कशावरून म्हणायचं? त्याच्या अंगावर लिहिलंय म्हणून. कोरीव अक्षरांतला मजकूर असा आहे की चांदीचा हा टीपॉट बर्कली किल्ल्याचे लॉर्ड जॉर्ज बर्कली यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कमिटीला भेट दिला; ते स्वतः त्या मंडळीपैकीच एक आणि तिच्यावर मनापासून प्रेम करणारे; साल १६७०.

आज हा इंग्लंडमधला सर्वांत जुना माहीत असलेला चांदीचा टीपॉट मानला जातो. हे कोरीव काम नसतं तर? जगातल्या कुठल्याही तज्ज्ञानं त्याला कॉफीचं भांडं म्हणून कपाटात लावलं असतं. चांदी तेवढीच, वजन तेवढंच, घडण तीच. फरक फक्त अक्षरांचा.

त्या वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं

आता १६७० हा आकडा मराठी माणसानं वाचला की त्याच्या मनात टीपॉट येत नाही. फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला. ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. त्या सुरतेतच कंपनीची मोठी वखार होती, आणि इंग्रज तिथे दारं लावून आपला माल सांभाळत बसले होते. मुंबई बेट दोनच वर्षांपूर्वी, १६६८ मध्ये, राजानं कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिलं होतं. बर्कलीची भेट ज्या कमिटीला मिळाली, तिच्या टेबलावर सुरत आणि मुंबईची पत्रं येत होती. आपण ज्या इतिहासाकडे सह्याद्रीवरून पाहतो, त्याचंच दुसरं टोक म्हणजे ते टेबल.

दुसरा मुद्दा चांदीचा. कंपनीला आपल्याकडचं कापड, मिरी, नीळ हवं होतं. बदल्यात द्यायला तिच्याकडे काय होतं? लोकरीचं जाडंभरडं कापड. सुरतेच्या उकाड्यात ते कोण घेणार! म्हणून जहाजांतून चांदी यायची. तिच्यातली बरीचशी स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेतल्या खाणींमधून युरोपात आलेली असे. ती इथल्या टांकसाळीत जाऊन रुपया व्हायची. चीनमध्ये चहासाठीसुद्धा चांदीच मोजावी लागे.

पुढे शंभर वर्षांत चित्र पालटलं. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर इथलाच महसूल इथला माल घ्यायला वापरता येऊ लागला. चीनला द्यायच्या चांदीची जागा हळूहळू अफूनं घेतली. आधी बंगालची अफू, मग माळव्याची. माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख, आणि ती अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. म्हणून १७९० किंवा १८२० सालचा सुबक इंग्रजी टीपॉट संग्रहालयात दिसला की मी कारागिराला मनातून सलाम करतो, आणि त्यात मुरणाऱ्या चहाचे पैसे कोणी भरले हेही आठवतो. आसामचा चहा लंडनच्या लिलावात १८३९ साली पहिल्यांदा विकला गेला. त्याआधीचा सगळा चहा चीनचा.

तळाचे शिक्के

आता मुख्य विद्या. इंग्रजी चांदी वाचायची कशी?

आपल्याकडे सोन्या-चांदीची परीक्षा सराफ करायचा. कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची आणि कस पाहायचा. कसाला उतरणं, बावनकशी असणं हे आपले शब्द तिथूनच आले. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत, तेव्हा सराफानं पाहिलेल्या नाण्यावर त्याची बारीक छाप असे. म्हणजे भरवसा सराफाच्या नावावर.

इंग्लंडमध्ये हे काम एका संस्थेकडे गेलं. तिथल्या सोनारांच्या मंडळाची लंडनमध्ये इमारत होती, गोल्डस्मिथ्स हॉल. भांडं विक्रीला जाण्याआधी तिथे न्यायचं. तिथले लोक त्यातली किंचित चांदी खरवडून तपासणार, खरी ठरली तर शिक्के मारणार. हॉलमध्ये मारलेला मार्क म्हणून हॉलमार्क. आज आपण सराफाकडे जो शब्द वापरतो तो हाच.

हे शिक्के सहसा भांड्याच्या तळाशी किंवा मुठीजवळ, नखाएवढे, एका ओळीत असतात. भिंग घ्या आणि एकेक वाचा.

पहिला, चालता सिंह. उजवा पुढचा पाय उचललेला. १५४४ पासून चालत आलेला हा शिक्का सांगतो की चांदी ‘स्टर्लिंग’ आहे, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. हा आकडा आपल्या तोळ्यांत सोपा होतो. त्यांचा ट्रॉय पौंड म्हणजे बरोबर ३२ तोळे. त्यातले २९.६ तोळे चांदी, उरलेलं बहुधा तांबं. निव्वळ चांदी मऊ असते, टीपॉटला पोक येईल, म्हणून ही भेसळ कायद्यानंच ठरवून दिलेली. मध्ये १६९७ ते १७२० या काळात कारागीर नाण्यांच्या कडा कातरून भांडी करतात म्हणून भांड्यांसाठी ९५८ ची अट घातली गेली. त्या वर्षांत सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया देवी दिसते.

दुसरा, गावाचा शिक्का. लंडनचा बिबट्याचा चेहरा, हा सगळ्यांत जुना, १३०० सालच्या कायद्यातला. एडिंबरोचा किल्ला. बर्मिंगहॅमचा नांगर आणि शेफील्डचा मुकुट, हे दोन्ही १७७३ पासून. नांगर म्हणजे जहाजाचा, शेताचा नव्हे. समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर कसा? सांगतात ते असं की दोन्ही गावांचे लोक परवानगीसाठी लंडनला आले, तेव्हा त्यांच्या बैठका ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत होत. त्या पाटीवरचे मुकुट आणि नांगर त्यांनी वाटून घेतले.

तिसरा, वर्षाचं अक्षर. १४७८ पासून. दर वर्षी एक अक्षर. लंडनमध्ये वीस अक्षरं झाली की अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार बदलून पुन्हा सुरुवात. यासाठी छापील तक्ते मिळतात. तक्ता हाताशी असला की भांड्याचं वर्ष निघतं. जगात फार थोड्या जुन्या वस्तू आपलं वय इतक्या नेमकेपणानं सांगतात.

चौथा, राजाचं किंवा राणीचं मस्तक. हा करपावतीचा शिक्का. १७८४ साली पंतप्रधान पिट यांनी चहावरचा कर शेकडा ११९ वरून साडेबारावर आणला, कारण एवढ्या करामुळे निम्मा देश चोरटा चहा पीत होता. आणि त्याच साली चांदीच्या भांड्यांवर कर बसवला. चहा स्वस्त, टीपॉट महाग! कर भरला याची खूण म्हणून मस्तक. हे १८९० पर्यंत चाललं. म्हणून तळाशी मस्तक दिसलं की तक्ता न उघडताही अंदाज बांधता येतो, भांडं बहुधा १७८४ ते १८९० मधलं.

पाचवा, कारागिराची अक्षरं. १३६३ पासून सक्तीची. लंडनच्या त्या १६७० च्या टीपॉटवर टी आणि एल ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत. अठराव्या शतकातल्या भांड्यांवर वळणदार एच आणि बी दिसली तर ती हेस्टर बेटमन. नवरा वारल्यावर १७६१ साली या बाईनं स्वतःच्या नावाचा शिक्का नोंदवला, मुलांना हाताशी धरून जवळजवळ तीस वर्षं कारखाना चालवला. आज तिचे टीपॉट मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

आणखी एक खूण फौजी माणसाला फार आवडते. तळाशी टोचणीनं ओरखडल्यासारखे आकडे असतात. ते औंसांतलं मूळ वजन. समजा २० औंस लिहिलंय. म्हणजे ६२२ ग्रॅम. आज तराजूवर ५९० भरले तर ३२ ग्रॅमचा हिशेब लागला पाहिजे. कदाचित मूठ बदलली असेल, कदाचित शंभर वर्षं घासून घासून चांदी झिजली असेल, कदाचित कुणी जुनं नाव पुसून काढलं असेल. स्टोअरचं रजिस्टर आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ घालण्यासारखंच हे.

फसवणूकही तेव्हापासून आहे. १७२० ते १७५८ या काळातही चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर होता. तो चुकवायला काही कारागीर एखादी छोटी, कमी वजनाची वस्तू तपासून आणत, तिच्यावरचा शिक्क्यांचा तुकडा कापत आणि मोठ्या भांड्याच्या तळाला डाख लावून बसवत. पकडायचं कसं? तळावर तोंडाची वाफ सोडा. वाफेच्या धुरकट थरात डाखाची गोल रेघ क्षणभर उमटते. झाकणही तपासावं. चांगल्या टीपॉटच्या झाकणावर निदान सिंह आणि कारागिराची अक्षरं असतात. ती भांड्याशी जुळली नाहीत तर झाकण दुसऱ्याचं.

आकारही बोलतो

शिक्के झिजले असतील तर आकार पाहा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे टीपॉट लहान, नासपतीच्या किंवा चेंडूच्या आकाराचे. चहा महाग होता, भांडं लहानच असणार. १७७० नंतर पोलादी रुळांतून काढलेला चांदीचा पातळ पत्रा मिळू लागला. पत्रा वाकवून मुठीखाली सांधा जोडला की झालं. त्यामुळे सरळ भिंतींचे, सपाट तळाचे, लंबगोल टीपॉट आले. १८१० च्या आसपास ते बुटके आणि रुंद झाले, खाली चार गोळ्यांचे पाय आले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात फुलं, वेली, खरबुजासारख्या फाका. मोठी भांडी, कारण तोवर चहा घराघरात गेला होता.

इथे घडलेली ‘विलायती’ चांदी

आता आपल्याकडे येऊ. साहेबाच्या टेबलावरचे सगळे टीपॉट विलायतेहून येत नसत. कलकत्त्यात हॅमिल्टन, मद्रासला पी. ऑर अशा पेढ्या होत्या. भूजमध्ये उमरसी मावजी नावाचे कारागीर होते, त्यांच्या भांड्यांवर ओ.एम. आणि भूज असा ठसा असतो. वेलबुट्टीत हरणं आणि वाघ शोधत बसावं इतकं दाट काम. मद्रासच्या टीपॉटवर देवदेवता असत, आणि पुण्यातही तशाच धर्तीचं काम होई. विष्णूचे अवतार कोरलेल्या टीपॉटमधून साहेब चहा ओतून घेत असे!

या भांड्यांवर लंडनचा सिंह नसतो, कारण इथे गोल्डस्मिथ्स हॉलसारखी तपासणीची संस्थाच नव्हती. पेढी स्वतःचा शिक्का मारायची; काही जण विलायती शिक्क्यांसारखी दिसणारी चित्रंही उठवायचे. म्हणून ‘सिंह नाही, म्हणजे खोटं’ असं म्हणू नका. आज या कामाला जगभर मान आहे. आपल्या सरकारी मानक संस्थेचं हॉलमार्किंग सोन्यासाठी २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली सुरू झालं, हेही ध्यानात ठेवा. आजीच्या लग्नातल्या ताटावर ते असणार नाही.

जयपूरचं सांगायचं तर इथल्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड गंगाजली आहेत. माणसाच्या खांद्याएवढे उंच, प्रत्येकी सुमारे ३४० किलोचे. चांदीचे रुपये वितळवून घडवलेले, आणि डाख न लावता. सवाई माधोसिंह दुसरे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला निघाले, तेव्हा परक्या देशाचं पाणी प्यायचं नाही म्हणून त्यांत गंगेचं पाणी भरून नेलं. तो टीपॉट आणि हे गंगाजली मला जोडीचे वाटतात. त्यांनी चांदीत परदेशाचं पेय ओतून आपलंसं केलं, यांनी चांदीत आपलं पाणी भरून परदेश दूर ठेवला.

चार अक्षरं आणि बीजींचा टीपॉट

आता ज्या टीपॉटबद्दल सर्वांत जास्त पत्रं येतात, त्याच्याकडे वळतो. तळाशी चार इंग्रजी अक्षरं असतात, ई.पी.एन.एस. शेजारी विलायती शिक्क्यांसारख्या छोट्या चौकटी, त्यामुळे माणूस हुरळतो. या अक्षरांचा अर्थ असा की आतला धातू निकेल सिल्व्हर, वर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीनं १८४० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि साधारण मिळकतीच्या घरातही चांदीसारखं दिसणारं भांडं आलं. निकेल सिल्व्हर म्हणजेच जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नाही. आपल्याकडे ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती तर ॲल्युमिनियमची. दोन्हींत गल्लत नको.

पलटणीच्या मेसमध्ये अशी भांडी पुष्कळ असतात. कॅप्टन असताना मी मेस सेक्रेटरी होतो. वर्षातून एकदा सगळं ‘मेस सिल्व्हर’ टेबलावर मांडायचं, एकेक वस्तू उचलून लेजरशी ताडायची. खरी चांदी किती आणि मुलामा किती हे लेजरमध्ये असेच. पण हवालदार कापड फिरवताना सगळ्यांना सारखंच जपायचा. कारण बदलीवर जाणारा किंवा निवृत्त होणारा अधिकारी वस्तू देतो, तेव्हा त्यावर नाव आणि साल कोरून देतो. त्यातली काही नावं लढाईत कामी आलेल्यांची असतात. त्या नावांना कुठल्या तराजूत घालणार?

आमच्या राजा पार्कात फाळणीनंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. आमच्याच गल्लीत एक वृद्ध बाई राहतात, सगळे त्यांना बीजी म्हणतात. चांदीचा भाव वाढल्याचं ऐकून त्यांनी एक काळवंडलेला टीपॉट माझ्याकडे आणला. ‘कर्नल साब, देखो ज़रा, असली है?’

उलटा केला. ई.पी.एन.एस., शेफील्ड. मी सांगितलं, ‘बीजी, चाँदी तो ऊपर-ऊपर की है.’ त्यांचा चेहरा उतरला. मग मी मऊ कापडानं पोटाची बाजू पुसली. काळ्या थराखालून अक्षरं निघाली. त्यांच्या सासऱ्यांचं नाव, लायलपूर, १९३८, आणि सहकाऱ्यांकडून निरोपाची भेट, एवढंच.

बीजींनी ते नाव दोनदा वाचायला लावलं. लायलपूरचं घर, जमीन, कागद, सगळं तिकडेच राहिलं होतं. सासरे तिथे होते, नोकरी करत होते, लोक त्यांना मानत होते, याचा घरात उरलेला लेखी पुरावा बहुधा हा एवढाच. बाजारात तो मोडीच्या भावात गेला असता, आणि त्या भावात चांदीचा काही हिशेबच नसता. बीजींच्या नातवानं फोनवर फोटो घेतले. टीपॉट घरी परत गेला.

लॉर्ड बर्कलीचं भांडं आणि बीजींचं भांडं यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पण दोन्ही कशामुळे टिकण्याजोगी ठरली, याचं उत्तर एकच.

घरी करायचं काम

आता ड्रिल. पाच पायऱ्या.

एक: वस्तू उजेडात उलटी करा. भिंगातून तळ, मुठीखालची जागा, झाकणाची आतली बाजू पाहा. दिसेल ते वहीत उतरवा, चित्रासह.

दोन: फोटो घ्या. समोरून, तळाचा, शिक्क्यांचा जवळून, कोरीव मजकुराचा. प्रकाश कडेनं पाडा म्हणजे झिजलेली अक्षरं उठून दिसतात.

तीन: वजन करून लिहा. तळाशी ओरखडलेला आकडा असेल तर तोही.

चार: घासू नका. आपल्याकडे चांदी रांगोळीनं, राखेनं, चिंचेनं आणि आता टूथपेस्टनंही घासतात. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तो काळा थर म्हणजे चांदीचंच गंधकाशी झालेलं संयुग, तेव्हा थर खरवडला की चांदीही जाते. शिक्के आणि अक्षरं आधी जातात, कारण ती उथळ असतात. मुलाम्याच्या भांड्यावर तर खालचा पिवळसर धातू उघडा पडतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड, लगेच कोरडं करणं, एवढं पुरे. लाकडी मूठ आणि हस्तिदंताच्या चकत्या पाण्यात बुडवू नका. रबरबँड गुंडाळून ठेवू नका, रबरात गंधक असतं.

पाच: घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा, हे कुठून आलं, कुणी दिलं, कधी दिलं. उत्तर तारखेसह लिहा आणि कागद भांड्यातच ठेवा. हे काम आधी करा, कारण भांडं थांबेल, माणूस थांबेलच असं नाही.

एवढं करून मग विकायचं ठरलं तरी हरकत नाही. मात्र तोलून देण्याआधी जुन्या वस्तूंची जाण असलेल्या माणसाला दाखवा. खरं जुनं काम चांदीच्या भावापेक्षा पुष्कळ वर जातं. आणि मोडायचीच वेळ आली, तर वही आणि फोटो तरी घरात राहतील.

ही विद्या डोळ्यांत मुरवायची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं युरोपीय कलावस्तूंचं दालन गाठा. तिथे भांडी उलटी करता येत नाहीत, पण खालची पाटी वाचा. आता तुम्हांला कळेल की पाटीवरचं गाव आणि साल कुठून आलं.

पुढच्या भागात आपण नाण्यांकडे वळू. सराफाची छाप म्हणजे काय ते प्रत्यक्ष रुपये हातात घेऊन पाहू. तोवर कपाट उघडा, वही घ्या, कामाला लागा.

जय हिंद.